नर्सरीतली ‘शंखपुष्पी’ : ओळख आणि निगा

इंदुरात नर्सरीत ‘शंखपुष्पी’ म्हणून एक ठेंगणे, निळ्या फुलांचे रोप मिळते. यंदा शाळेच्या फाटकाजवळच्या क्यारीत आम्ही तेच लावत आहोत. ‘परीक्षेच्या दिवसांत मुलांना याचा रस द्यावा का?’ असे काही पालकांनी विचारले. उत्तर स्पष्ट आहे : देऊ नये.

हे रोप मूळचे ब्राझीलकडचे. शास्त्रीय नाव इव्हॉल्व्हुलस ग्लोमेरॅटस, बाजारातले नाव ‘ब्लू डेज’. ते केवळ शोभेचे आहे. आयुर्वेदात शंखपुष्पी म्हणून वापरतात ती वनस्पती वेगळी. तिची फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी असतात. आपल्या माळरानावर उगवणारी, अगदी बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता ही ‘ब्लू डेज’ची जवळची नातलग; काही ठिकाणी तिलाही आणि गोकर्णालाही शंखपुष्पीच म्हणतात. नाव एक, झाडे अनेक! म्हणून नुसत्या नावावरून कोणतेही पान तोंडात घालू नये. औषध वैद्यांना विचारूनच घ्यावे.

आता निगेविषयी. हे रोप बहुवर्षायू आहे. उंची साधारण १ फूट, पसारा २ फुटांपर्यंत. म्हणून दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. जागा अशी निवडावी की रोज किमान ६ तास ऊन मिळेल. सावलीत पाने वाढतात, पण फुले कमी येतात.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे मुळे कुजतात. यासाठी दोन भाग माती, एक भाग जाड रेती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि क्यारी जमिनीपासून अर्धा फूट उंच करावी. कुंडीला खाली छिद्र हवेच.

पानांवर बारीक रुपेरी लव असते. त्यामुळे पानांतले पाणी लवकर उडून जात नाही आणि एकदा मूळ धरले की रोप थोड्या पाण्यावर तग धरते. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. १९७८ पासून आपल्या शहराला नर्मदेचे पाणी दुरून, पंपांनी वर चढवून आणावे लागते. अशा शहरात शाळेची बाग कमी पाण्यावर फुलावी, असा आमचा आग्रह आहे.

नवी रोपे फांदीपासून सहज होतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला ४ इंचांचे कोवळे शेंडे कापावेत, खालची पाने काढावीत आणि ओलसर रेतीत सावलीला खोचावेत. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. थंडीत फुले कमी येतात. कडाक्याच्या रात्री कुंड्या आडोशाला ठेवाव्यात. थंडी सरल्यावर हलकी छाटणी केली की रोप पुन्हा भरगच्च होते.

विद्यार्थ्यांसाठी एक काम : याचे फूल सकाळी उमलते व दुपारनंतर मिटते. ढगाळ दिवशी ते किती वाजता उमलते, हे आठवडाभर वहीत लिहा आणि उन्हाच्या दिवसांशी ताडून पाहा. ज्यांना रोप हवे असेल त्यांनी पावसाळ्यात माळीकाकांकडून फांद्या न्याव्यात. फांदी नेताना तिची खरी ओळखही घरी सांगावी, ही विनंती.