फेक पायांतून निघते

ज्वारी दाण्यावर आली की वऱ्हाडातलं पोट्टं गोफण घेऊन राखणीला जायचं. दगडाला वेग द्यायचा तर दोरी आधी फिरली पाहिजे आणि गाठ नेमक्या वेळी सुटली पाहिजे, हे त्याला कोणी शिकवलेलं नसे. चेंडू किंवा भाला फेकताना अख्खं शरीर असंच गोफण होतं. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट. मोठा भाग थांबतो, तेव्हा त्याचा वेग पुढच्या लहान भागात उतरतो. पण अकोला-अमरावतीच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी उभे राहा, ऐकू येतं ते एकच: "अबे, हाताले जोर लाव न!"

हाताला जोर लावून फेक लांब जात नाही, खांदा मात्र दुखतो.

टॉम हाऊस नावाचे अमेरिकी प्रशिक्षक आयुष्यभर हेच सांगत आले. स्वतः बेसबॉलचे पिचर. पुढे अमेरिकन फुटबॉलमधल्या टॉम ब्रॅडी आणि ड्रू ब्रीससारख्या क्वार्टरबॅकांची, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूंची, फेक त्यांनी घडवली. 2008 मध्ये त्यांच्याकडे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू आले. बेसबॉल त्यांनी कधी खेळलाच नव्हता. वर्ष संपायच्या आत पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. खेळ तीन, फेकीचा क्रम एकच.

या क्रमातला कळीचा क्षण म्हणजे पुढचा पाय जमिनीवर रोवला जातो तो. उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय टेकतो, गुडघा ताठ राहतो, कंबर लक्ष्याकडे वळू लागते. छाती मात्र अजून आडवीच असते. कंबर आणि खांद्यातला हा पीळ सुटतो तेव्हा हात आपोआप फेकला जातो. पाय टेकतानाच छाती समोर आली, तर पीळ पडतच नाही आणि सगळा भार कोपरावर येतो. क्वार्टरबॅकला धावायला जागा नसते, म्हणून त्याचं पाऊल आखूड. भालाफेकपटू मोठी धाव घेऊन येतो. रोवणं दोघांनाही चुकत नाही. वेगवान गोलंदाजी ही फेक नव्हे, तिथे कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. तरी पुढच्या पायाचं काम तेच. अकोल्याचा आदित्य ठाकरे डिसेंबर 2017 मध्ये इंदूरला थेट रणजी अंतिम सामन्यात विदर्भाकडून पदार्पण करतो आणि काही आठवड्यांत त्याला 19 वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडचं बोलावणं येतं. इथल्या पोरांच्या अंगात वेग नाही, असं कोणी म्हणू नये.

अडचण आहे ती जमिनीची. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. पाय घसरेल या धास्तीने मुलगा पुढचा गुडघा वाकवून ठेवतो आणि मग उरतो फक्त हात. फेकीच्या जागेपुरता मुरूम टाकून रोलर फिरवणं हे माझ्या मते महागड्या बुटांपेक्षा उपयोगी.

शिकवायचं कसं? आधी मुलाला एक गुडघा टेकवून फेकायला लावा, म्हणजे धड वळवल्याशिवाय चेंडू जाणारच नाही. मग उभ्याने, मग दोन पावलं चालत. मोबाईलवर संथ गतीने चित्रण करा आणि हात न बघता पाय टेकतो ती चौकट बघा. बोलायचंही कमी. कौशल्य शिकण्यावरच्या संशोधनात वारंवार दिसलंय की लक्ष स्वतःच्या अवयवावर असण्यापेक्षा लक्ष्यावर असलं, तर हालचाल सुधारते. "कोपर वर घे" यापेक्षा "स्टंपच्या बुडाले मार" हे जास्त कामाचं.

खांदा तयार करायला परदेशाकडे बघायची गरज नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने कबड्डी तिथे दाखवली होती. आखाड्यातला मुद्गल तर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या लष्करी कवायतीत नेला. हलका मुद्गल सावकाश फिरवला, तर फेकीनंतर हाताला आवर घालणारे खांद्यामागचे स्नायू तयार होतात. या स्नायूंकडे कोणाचं लक्षच नसतं.

आणि मोजणी. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी कूर्चेची मऊ पट्टी असते. सततच्या फेकीने ती दुखावते. म्हणून अमेरिकेत बेसबॉलच्या मुलांना दिवसाची मर्यादा घातली आहे: 9-10 वर्षांच्या मुलाला 75 पिच, 11-12 ला 85, 13-14 ला 95. आपल्याकडे शालेय स्पर्धांच्या हंगामात एकच पोट्टं सकाळी भाला, दुपारी सॉफ्टबॉल आणि संध्याकाळी क्रिकेटचा सराव करतं. शाळेतल्या सरांना संध्याकाळचं माहीत नसतं, अकादमीच्या सरांना सकाळचं. मुलाच्या किटबॅगेत एक वही ठेवावी, आणि दोन्ही सरांनी दिवसभराच्या फेकी तिच्यातच मांडाव्यात.