युनिक्सवरील कार्यालयीन सॉफ्टवेअर : बसवताना नोंद, काढताना दक्षता

युनिक्स किंवा लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर लेखन, हिशेब आणि सादरीकरण यांसाठी लागणारे सॉफ्टवेअर बसवणे हे आता काही मिनिटांचे काम झाले आहे. मात्र तेच सॉफ्टवेअर काढून टाकताना नेमके काय जाते आणि काय मागे राहते, याची पुरेशी कल्पना अनेक वापरकर्त्यांना नसते. त्यामुळे काही कार्यालयांत कागदपत्रे नष्ट होतील या भीतीने जुने सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे तसेच ठेवले जाते. याउलट काही ठिकाणी सॉफ्टवेअर काढले म्हणजे सर्व काही पुसले गेले असे गृहीत धरून संगणक दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो आणि आधीच्या कर्मचाऱ्याची खासगी माहिती त्यातच राहते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

भारतात हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम, २००७ पासून उपलब्ध आहे. केरळमधील सरकारी शाळांच्या संगणकांवरही लिनक्सचाच वापर केला जातो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या वापराविषयीचे धोरण जाहीर केले. अशा संगणकांवर कार्यालयीन कामासाठी प्रामुख्याने 'लिब्रेऑफिस' हे सॉफ्टवेअर वापरले जाते.

स्टारऑफिस ते लिब्रेऑफिस

लिब्रेऑफिसचे मूळ 'स्टारऑफिस' या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये आहे. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ मध्ये ते विकत घेतले आणि २००० मध्ये त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. त्यातून 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' हा प्रकल्प उभा राहिला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या प्रकल्पातील अनेक स्वयंसेवकांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था स्थापन करून लिब्रेऑफिसची घोषणा केली. ओरॅकलने २०११ मध्ये ओपनऑफिस हा प्रकल्प अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सुपूर्द केला.

सुरुवातीच्या काळात हे सॉफ्टवेअर बसवणे किचकट होते. युनिक्सवर एकाच संगणकाचा वापर अनेक जण करतात. त्यामुळे आधी व्यवस्थापकाने सामाईक जागी मुख्य सॉफ्टवेअर बसवावे आणि त्यानंतर प्रत्येक वापरकर्त्याने आपल्या खात्यातून पुन्हा एकदा स्थापना पूर्ण करावी, अशी दोन टप्प्यांची पद्धत होती. २००५ मध्ये आलेल्या ओपनऑफिसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हे चित्र पालटले. सॉफ्टवेअर 'पॅकेज' स्वरूपात मिळू लागले आणि वापरकर्त्याचे वैयक्तिक फोल्डर पहिल्या वापराच्या वेळी आपोआप तयार होऊ लागले. सामाईक भाग वेगळा आणि वैयक्तिक भाग वेगळा, ही मूळ विभागणी मात्र आजही कायम आहे आणि या विषयाचे मर्म तिच्यातच आहे.

पॅकेज म्हणजे काय?

पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरच्या सर्व फाईल्स, त्या कोठे ठेवायच्या याची यादी आणि त्यांना चालण्यासाठी आणखी कशाची गरज आहे याचा तपशील, यांचा एकत्र बांधलेला गठ्ठा. डेबियन, उबुंटू आणि बॉस या प्रणालींवर 'डीपीकेजी' आणि 'ॲप्ट', तर फेडोरा आणि रेड हॅटवर 'आरपीएम' आणि 'डीएनएफ' ही साधने पॅकेजचे व्यवस्थापन करतात. सोलारिस आणि फ्रीबीएसडी या युनिक्स परिवारातील प्रणालींचीही स्वतःची अशीच साधने आहेत.

पॅकेज बसवले जाते तेव्हा दोन गोष्टी घडतात. फाईल्स ठरलेल्या जागी ठेवल्या जातात आणि त्याच वेळी प्रत्येक फाईलची नोंद प्रणालीच्या दप्तरात केली जाते. पुढे सॉफ्टवेअर काढताना ही नोंदच उपयोगी पडते. कोणती फाईल कोणत्या पॅकेजची आहे हे तिच्यावरून कळते आणि तेवढ्याच फाईल्स काढल्या जातात. म्हणूनच फोल्डर हाताने पुसून सॉफ्टवेअर काढण्याचा प्रयत्न करू नये. तसे केल्यास फाईल्स जातात, पण दप्तरात त्या अस्तित्वात असल्याचीच नोंद राहते. पुढील प्रत्येक अद्ययावतीकरणात या विसंगतीमुळे अडथळे येऊ शकतात.

एकच स्रोत निवडावा

लिब्रेऑफिस मिळवण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग म्हणजे वापरात असलेल्या प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून ते घेणे. या भांडारातील आवृत्ती काहीशी जुनी असू शकते, परंतु तिच्यातील सुरक्षाविषयक दुरुस्त्या प्रणालीच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणाबरोबर मिळत राहतात. दुसरा मार्ग म्हणजे डॉक्युमेंट फाउंडेशनच्या संकेतस्थळावरून पॅकेजचा संच उतरवून घेणे. यात नवी आवृत्ती मिळते. मात्र प्रणालीचे नेहमीचे अद्ययावतीकरण तिला लागू होत नाही. प्रत्येक नवी आवृत्ती वापरकर्त्याने स्वतः बसवावी लागते. तिसरा मार्ग 'फ्लॅटपॅक' किंवा 'स्नॅप' या तुलनेने नव्या पद्धतींचा आहे. त्यांत सॉफ्टवेअर आपल्या गरजेच्या बहुतेक गोष्टी सोबत घेऊन येते आणि उर्वरित प्रणालीपासून बऱ्याच अंशी वेगळे राहते.

हे मार्ग एकमेकांत मिसळल्यास गोंधळ होतो. भांडारातील आवृत्ती असतानाच संकेतस्थळावरील आवृत्ती बसवली, तर ती 'ऑप्ट' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि दोन्ही एकाच संगणकावर नांदू लागतात. मेनूमध्ये एकाच नावाची दोन चिन्हे दिसतात. कोणती आवृत्ती उघडली जात आहे, हे वापरकर्त्याला कळत नाही. त्यामुळे नवी आवृत्ती दुसऱ्या मार्गाने बसवण्यापूर्वी जुनी आवृत्ती ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने काढून टाकणे श्रेयस्कर ठरते. फ्लॅटपॅकने आलेले सॉफ्टवेअर ॲप्टच्या साहाय्याने काढता येत नाही, कारण ॲप्टच्या दप्तरात त्याची नोंदच नसते.

काढताना काय जाते, काय राहते?

सॉफ्टवेअर काढण्याचा विचार करताना संगणकावरील सामग्रीचे चार भाग लक्षात घ्यावेत.

पहिला भाग म्हणजे मुख्य सॉफ्टवेअर. काढण्याची आज्ञा दिल्यावर हा भाग जातो. तथापि येथेही एक बारकावा आहे. डेबियन आणि उबुंटूवर 'लिब्रेऑफिस' या नावाचे पॅकेज स्वतः जवळपास रिकामे असते. लेखनाचे 'रायटर', हिशेबाचे 'कॅल्क', सादरीकरणाचे 'इम्प्रेस' हे घटक स्वतंत्र पॅकेजमध्ये असतात आणि ते सर्व एकत्र आणण्याचे काम हे नाममात्र पॅकेज करते. केवळ तेवढेच काढल्यास आज्ञा यशस्वी झाल्याचा संदेश येतो, पण रायटर आणि कॅल्क पूर्वीप्रमाणेच सुरू होतात. त्यासाठी घटक पॅकेजही काढावी लागतात.

दुसरा भाग म्हणजे संपूर्ण संगणकासाठी व्यवस्थापकाने केलेली मांडणी. डेबियन परिवारात 'रिमूव्ह' या आज्ञेने ही मांडणी मागे राहते, तर 'पर्ज' या आज्ञेने तीही काढली जाते. आरपीएम पद्धतीत व्यवस्थापकाने बदललेल्या मांडणीच्या फाईल्स साधारणपणे वेगळ्या नावाने जपून ठेवल्या जातात.

तिसरा भाग म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यातील वैयक्तिक फोल्डर. नेहमीच्या स्थापनेत ते 'कॉन्फिग' या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. स्वतः तयार केलेला शब्दसंग्रह, पत्रांचे नमुने, मॅक्रो, जोडलेली विस्तारके आणि अलीकडे उघडलेल्या कागदपत्रांची यादी त्यात साठते. प्रत्येक वेळी राखीव प्रत ठेवण्याची सोय सुरू केली असल्यास त्या प्रतीही सामान्यतः येथेच असतात. ॲप्टची 'रिमूव्ह' किंवा 'पर्ज' यांपैकी कोणतीही आज्ञा या फोल्डरला हात लावत नाही.

चौथा भाग म्हणजे वापरकर्त्याची कागदपत्रे. ती पॅकेजच्या यादीत नसल्याने सॉफ्टवेअर काढल्यावरही जागेवरच राहतात.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पद्धतींत वैयक्तिक माहितीची जागा निराळी असते. फ्लॅटपॅकमध्ये माहिती काढायची की नाही हा वेगळा पर्याय आहे. स्नॅप मात्र सॉफ्टवेअर काढताना माहितीची एक प्रत काही काळ जपून ठेवते. ती नको असल्यास तसे स्पष्टपणे सांगावे लागते.

तिसऱ्या भागाचे दोन परिणाम

वैयक्तिक फोल्डर मागे राहण्याचा लाभ असा, की सॉफ्टवेअर पुन्हा बसवल्यास अनेक वर्षांत जमवलेला मराठी शब्दसंग्रह आणि पत्रांचे नमुने जसेच्या तसे परत मिळतात. परंतु याच कारणाने अनेकांची निराशाही होते. सॉफ्टवेअर वारंवार बंद पडत असल्यास ते काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दोष वैयक्तिक फोल्डरमधील बिघडलेल्या मांडणीत असेल, तर या खटाटोपाचा काहीही उपयोग होत नाही, कारण नवे सॉफ्टवेअर तीच बिघडलेली मांडणी पुन्हा वाचते. अशा वेळी २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या 'सेफ मोड' या सोयीचा प्रथम उपयोग करावा, अथवा सॉफ्टवेअर बंद करून वैयक्तिक फोल्डरचे नाव बदलून पाहावे. नाव बदलल्याने जुनी सामग्री सुरक्षित राहते आणि सॉफ्टवेअर नवे फोल्डर तयार करते.

संगणक दुसऱ्या व्यक्तीला देताना मात्र हेच फोल्डर चिंतेचा विषय ठरते. बदली झालेल्या कर्मचाऱ्याने कोणत्या नावाची पत्रे उघडली होती, हे अलीकडील कागदपत्रांच्या यादीवरून समजू शकते. राखीव प्रतींमधून तर संपूर्ण मजकूरच दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. म्हणून अशा प्रसंगी सॉफ्टवेअर काढणे पुरेसे नाही. आवश्यक कागदपत्रे, नमुने आणि शब्दसंग्रह यांची प्रत घेऊन जुने वापरकर्ता खाते त्याच्या सर्व फाईल्ससह काढणे गरजेचे असते. पुसलेल्या फाईल्स विशेष साधनांनी परत मिळवता येऊ शकतात, हे लक्षात घेऊन गोपनीय काम झालेल्या संगणकाची डिस्क सुरक्षित पद्धतीने पूर्ण पुसावी.

होकार देण्यापूर्वी यादी वाचावी

सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी किंवा काढण्यापूर्वी ॲप्ट आणि डीएनएफ होणाऱ्या बदलांची यादी दाखवतात आणि बहुतेक वेळा संमती मागतात. अनेक पॅकेज परस्परांवर अवलंबून असल्याने एक काढताना दुसरेही त्या यादीत येऊ शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जगभर चर्चिल्या गेलेल्या एका चित्रफितीत याचा प्रत्यय आला. लिनक्सवर खेळांचे एक सॉफ्टवेअर बसवताना पॅकेजमधील त्रुटीमुळे अत्यावश्यक घटक काढले जातील, असा इशारा पडद्यावर आला होता. चित्रफितीच्या कर्त्याने तो न वाचता होकाराचे वाक्य टंकले आणि संगणकाचा संपूर्ण दृश्य पडदाच, म्हणजे डेस्कटॉप, नाहीसा झाला. लिब्रेऑफिस काढताना यादीत डेस्कटॉपचे किंवा प्रणालीचे घटक दिसल्यास तेथेच थांबणे हिताचे असते. ॲप्टमध्ये प्रत्यक्ष बदल न करता केवळ तालीम करून पाहण्याची सोय आहे, तर डीएनएफमध्ये आधीच्या व्यवहारांची नोंद पाहून, शक्य असल्यास तो उलटवता येतो.

कागदपत्रे उघडण्याची हमी

सॉफ्टवेअर गेल्यानंतर कागदपत्रे जागेवर असली, तरी ती उघडणार कशाने, हा प्रश्न उरतो. लिब्रेऑफिस आपली कागदपत्रे मुळात 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट' या खुल्या स्वरूपात साठवते. या स्वरूपाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याचे नियम प्रसिद्ध असल्याने इतर सॉफ्टवेअरलाही अशी कागदपत्रे वाचता येतात, मात्र रचनेत किरकोळ फरक पडू शकतो. जुन्या मराठी कागदपत्रांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ती युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली असतील, तर नव्या संगणकावर तो टंक नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून जुना संगणक बंद करण्यापूर्वी अशा कागदपत्रांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि त्यांची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

थोडक्यात, सॉफ्टवेअर ज्या मार्गाने बसवले त्याच मार्गाने काढावे, होकारापूर्वी यादी वाचावी आणि वैयक्तिक फोल्डरचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा. सॉफ्टवेअर पुन्हा केव्हाही विनामूल्य मिळू शकते. एखाद्या कार्यालयाचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार मात्र एकदा गेला की परत मिळत नाही.