दहा टक्के म्हणजे नेमके किती?

वसईचा एखादा कॅथलिक तरुण म्युनिकमध्ये नोकरीला लागला आहे असे समजा. शहरात राहायला आल्याची नोंद करताना अर्जावर धर्माचा रकाना होता, त्याने खरे ते लिहिले. आता पगारपत्रकावर ‘आरके’ अशी दोन अक्षरे दिसतात, म्हणजे रोमन कॅथलिक, आणि कपातींच्या यादीत चर्चकराची एक ओळ. महिन्याचा पगार ४,५०० युरो आणि त्यावरचा आयकर ७०० युरो धरला, तर त्या आयकराच्या ८ टक्के, म्हणजे ५६ युरो, चर्चकडे वळते होतात. हीच नोकरी फ्रँकफुर्टला असती तर ६३ युरो गेले असते, कारण बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग ही दोन राज्ये सोडली तर जर्मनीत सगळीकडे दर ९ टक्के आहे.

आठ-नऊ टक्के ऐकले की दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याची रीत, फार लांब नाही असे वाटते. पण हा दर कमाईवर नसून करावर आहे. ४,५०० वर ५६ म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. करच लागत नसेल इतकी कमाई कमी असेल तर चर्चकरही शून्य. एवढ्याशा टक्क्यातून २०२२ साली जर्मनीतल्या कॅथलिक चर्चला सुमारे ६.८५ अब्ज युरो मिळाले. त्याच वर्षी ५,२२,८२१ कॅथलिकांनी न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याची नोंद केली. सगळे काही करासाठी गेले नाहीत, लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांचा संताप त्यात मोठा होता. तरी हे सोडणे साधे नाही. कर चुकवायचा आणि रविवारी मिस्सालाही बसायचे, ही वाट बिशपांनी २०१२ च्या फर्मानाने बंद केली: नाव काढले की संस्कारही बंद.

अमेरिकेत असा कर नाही. तिथे जो तो आपल्या मनाने देतो, आणि व्यासपीठावरून दहा टक्क्यांचे प्रवचनही वर्षभर चालू असते. मग पडते किती? ‘एम्प्टी टूम्ब’ ही संशोधन संस्था प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या जमाखर्चावरून सभासदाच्या उत्पन्नातला दानाचा वाटा काढत आली आहे. १९६८ मध्ये तो ३ टक्क्यांच्या आसपास होता, अलीकडच्या दशकात २ टक्क्यांच्या थोडासा वर. मौज अशी, की १९३३ मध्ये, महामंदीने बँका बुडत होत्या तेव्हा, हाच वाटा ३ टक्क्यांहून जास्त होता. त्यानंतर अमेरिकेचे उत्पन्न कितीतरी पटींनी वाढले, दानाची रक्कमही वाढली, टक्का मात्र घसरला. देशाच्या एकूण दानातही धर्मकार्याचा वाटा आकसला आहे: १९८०च्या दशकात अर्ध्याहून अधिक, २०२३ मध्ये सुमारे ५५७ अब्ज डॉलरपैकी १४६ अब्ज, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा.

सक्तीच्या देशात सव्वा-दीड, ऐच्छिक देशात दोनच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला तरी वाटते, दहा हा आकडा लोक मान्य करतात, पण त्यावर जगत नाहीत. दहाचा नियम खरोखर राबवला जातो तो मॉर्मन पंथात (त्यांना ख्रिस्ती म्हणायचे की नाही यावर इतर पंथांचे एकमत नाही). तिथे पूर्ण दशमांश दिल्याशिवाय मंदिरप्रवेशाचा दाखला मिळत नाही. परिणामी गंगाजळी इतकी साठली की फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चर्च आणि तिची गुंतवणूक कंपनी यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. कारण होते शेअर-गुंतवणूक कागदी कंपन्यांच्या नावांखाली विखरून लपवल्याचे. ती गुंतवणूक २०१८ पर्यंत सुमारे ३२ अब्ज डॉलरवर गेली होती.

मुळात हा दहा आला कुठून, आणि होता तरी दहा का? जुन्या करारात एकच दशमांश नाही. एक मंदिराची सेवा करणाऱ्या लेवींसाठी, ज्यांना वाट्याची जमीन नव्हती. दुसरा सणाचा: तो घरच्यांनीच यरुशलेमेत नेऊन खायचा, लांब राहणाऱ्याने विकून रोकड न्यायची आणि तिथे मनाला येईल ते, अगदी द्राक्षारससुद्धा, घ्यायचे. तिसरा दर तिसऱ्या वर्षी परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. पुढच्या काळात यहुदी पंडितांनी याची सात वर्षांची घडी बसवली. वर्षाला १०० पोती पिकवणारा शेतकरी घेऊ. याजकांसाठी काढायचा छोटा हिस्सा हिशेबाबाहेर ठेवू. सहा वर्षे १० पोती लेवींना, म्हणजे ६०. उरलेल्या ९० चा दहावा हिस्सा ९. तो पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी सणाला, म्हणजे ३६. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी गरिबांना, म्हणजे १८. सातवे वर्ष पडीक, दशमांश नाही. ६०० पोत्यांपैकी हातची गेली ७८, म्हणजे १३ टक्के. सणाचा खर्च धरला तर ११४, म्हणजे १९ टक्के. सरसकट दहा कुठेच येत नाही.

आणि कळपाचा नियम तर अगदी बघण्यासारखा आहे. मेंढरे काठीखालून एकेक पुढे सरकायची, दहावे येईल ते देवाचे. चांगले-वाईट निवडायचे नाही, अदलाबदल करायची नाही. शब्दशः घेतले तर १९ मेंढरे असणाऱ्याचे एक जाते आणि ९ असणाऱ्याचे काहीच जात नाही. दशमांश पिकाचा आणि जनावरांचा होता. ज्याच्याकडे शेत नाही, कळप नाही, अशा मजुराच्या रोजंदारीवर नियमशास्त्राने तो लावल्याचे दिसत नाही. उलट तो मजूर बहुधा तिसऱ्या वर्षीच्या कोठारातून धान्य घेणारा. आज पगाराच्या पाकिटावर दहा टक्के मागताना ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

पुढे युरोपात राजांनीच दशमांश कायद्यात बसवला. शार्लमेनचा हुकूम ७७९ सालचा. फ्रान्सने ऑगस्ट १७८९ मध्ये तो मोडला. इंग्लंडने १८३६ मध्ये धान्याऐवजी रोख रक्कम ठरवली आणि ती गहू, जव, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधली. तीही १९३६ मध्ये संपली. हा भार जमिनीवर असल्याने चर्चच न मानणाऱ्या क्वेकर शेतकऱ्यालाही तो चुकत नसे. श्रद्धेशी त्याचा संबंध आपल्या शेतसाऱ्याइतकाच उरला होता.

नव्या करारात तर टक्केवारी जवळपास नाहीच. पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजणाऱ्यांना येशू झापतो, कारण न्याय आणि दया त्यांच्या मोजणीत येत नाही. श्रीमंत जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता देतो, म्हणजे ५० टक्के. पौल करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवायला सांगतो, आकडा सांगत नाही. आणि मंदिराच्या दानपेटीत दान टाकणारी ती गरीब विधवा: दोन टोल्या, मिळून एक दमडी. दमडी हे रोमन क्वाड्रन्स नाणे, एका दीनारात अशी ६४, आणि दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. आज ५०० रुपये रोज धरला तर तिने टाकले सुमारे ८ रुपये. तिच्याजवळच्या पैशांचे मात्र १०० टक्के.

हे गणित आपल्या रुपयांत करून बघू. महिना १२,००० कमावणारे घर आणि १,२०,००० कमावणारे घर, दोघांनी दहावा हिस्सा दिला. पहिल्याकडे १०,८०० उरले, दुसऱ्याकडे १,०८,०००. भाडे, किराणा, शाळेची फी, औषधे असा किमान खर्च ११,००० असेल तर पहिले घर २०० रुपयांच्या उधारीत गेले. दुसऱ्या घराची फार तर एक सहल पुढे ढकलली जाईल. दर एकच, त्रास सारखा नाही. यावर पाळकांचे उत्तर विश्वासाचे असते, की देव उणे पडू देत नाही. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकातील वचनाचा आधार त्याला आहे, आणि १२,००० वाल्या घरातले कितीतरी लोक ते मनापासून मानून देतात. त्यांच्या श्रद्धेवर मला शंका नाही. पण उधारीच्या २०० रुपयांची जबाबदारी ज्याने दर सांगितला त्याच्यावर काहीच नाही, हे मला पटत नाही. चर्च ऑफ इंग्लंडने मध्यम वाट काढली आहे: हातात येणाऱ्या उत्पन्नाचे ५ टक्के चर्चला, आणखी ५ इतर सत्कार्यांना.

हातात येणारे की एकूण, हा वादही खासा आहे. एकूण पगार ६०,००० आणि फंड वगैरे वजा होऊन हातात ५२,००० असतील, तर दशमांशात महिन्याला ८०० चा फरक, वर्षाला ९,६००. त्यात सरकारचीही भूमिका असते. ब्रिटनमध्ये करदात्याने १ पौंड दिला की ‘गिफ्ट एड’मधून चर्चला आणखी २५ पेन्स मिळतात. भारतात ‘८०जी’ म्हणून सगळ्यांना माहीत असलेली सवलत एकाच धर्माच्या पूजा-उपासनेसाठी दिलेल्या दानाला सहसा लागू होत नाही, नव्या करप्रणालीत ती घेताच येत नाही, आणि जिथे मिळते तिथेही २,००० रुपयांवरची रोख चालत नाही. म्हणजे इथला दशमांश कर भरून उरलेल्या पैशातून जातो.

या सगळ्या टक्क्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: देणाऱ्याच्या हातात रोख पैसा आहे आणि तो कसा खर्चायचा हे तोच ठरवतो. मिझोरामच्या बायकांनी हे गृहीतच बाजूला ठेवले. २०११ च्या जनगणनेत ८७ टक्के ख्रिस्ती असलेल्या या राज्यात ‘बुहफाई थाम’ची रीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेतले की भात टाकण्याआधी त्यातलीच एक मूठ वेगळ्या डब्यात जाते. मंडळीतल्या बायका घरोघर फिरून तो तांदूळ गोळा करतात, चर्च तो विकते आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड याच जातीचा, तिथे मूठ वसतिगृहातल्या पोरांसाठी निघे.

मुठीत ४० ग्रॅम तांदूळ मावतो असे धरा. दोन वेळा म्हणजे ८० ग्रॅम, वर्षाला २९ किलोंहून थोडे जास्त. किलोला ४५ रुपये भाव धरला तर घरटी सुमारे १,३०० रुपये. पाच जणांच्या घराला दिवसाला दोन किलो तांदूळ लागत असेल तर ८० ग्रॅम म्हणजे ४ टक्के. म्हणजे दहाच्या अर्ध्याहूनही कमी, आणि तोही फक्त तांदळाचा. पण हजार घरांची मूठ मिळून वर्षाला २९ टन होते, १३ लाख रुपये, आणि त्यासाठी कोणाच्या पगारपत्रकात डोकवावे लागत नाही. भाव वाढला की दानाचे मोल आपोआप वाढते. घरात माणसे कमी असली की मूठही हलकी पडते. पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होत असला तरी तांदळाचा डबा बाईच्या हातात असतो, आणि दान तिच्या नावाचे होते.

या मुठींच्या पैशातून पाळक नेमले जातात, दूरच्या गावी प्रचारक जातात. ही रीत पाळणाऱ्या मिझो प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बाईला पाळकपदाची दीक्षा द्यायची की नाही, हा वाद मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला.