प्रादेशिक वाङ्मयीन नियतकालिक : एकाचे व्रत आणि अनेकांची व्यवस्था
(भंडारा परिसराच्या संदर्भात)

मराठी वाङ्मयीन नियतकालिकांविषयीचे आपले लेखन बहुधा दोन गोष्टींभोवती फिरत राहिले आहे : संपादकाची वाङ्मयदृष्टी आणि त्या नियतकालिकाने पुढे आणलेले लेखक. अंक प्रत्यक्षात कसा निघतो, वर्गणीदारांची यादी कोणाजवळ असते, टपालाचा खर्च कोठून भागतो, संपादक आजारी पडल्यास पुढचा अंक कोण काढतो, हे प्रश्न वाङ्मयबाह्य समजून बाजूला ठेवले जातात. विनामोबदला श्रमांवर चालणाऱ्या प्रादेशिक नियतकालिकाच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न निर्णायक ठरतात. प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्याचा परिसर समोर ठेवून त्यांचा विचार करावयाचा आहे.

१. परिसर आणि गरज

भंडारा, १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून झाडीपट्टी होते. दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीचे नाटक ही या प्रदेशाची प्रयोगपरंपरा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री याच कलांचे प्रयोग होतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास केला. झाडीबोली साहित्य मंडळाच्या संमेलनांनी बोलीत लिहिणाऱ्यांना व्यासपीठ दिले.

परंतु संमेलन वर्षातून दोन-तीन दिवसांचे असते आणि ग्रंथ अनेक वर्षांतून एखादा निघतो. नियतकालिकाचे कार्य या दोहोंहून वेगळे आहे. एका अंकातील विधानाला पुढच्या अंकात उत्तर मिळते. नवोदित कवीची कविता सूचनांसह परत जाते आणि सुधारून पुन्हा येते. एखाद्या शब्दाचा गावागणिक बदलणारा अर्थ, दंडारीतील एका गीताचा पाठभेद, वृद्ध नटाने सांगितलेली आठवण, यांपैकी कशाचाही ग्रंथ होत नाही. अशा चार पृष्ठांच्या टिपणांना नियतकालिकाखेरीज जागा नसते. ती जागा नसेल तर सांगणाऱ्याबरोबर ती सामग्रीही जाते.

२. संचालनाचे तीन प्रकार

मराठीत अशी नियतकालिके स्थूलमानाने तीन प्रकारांनी चालली आहेत. पहिला प्रकार संस्थेचा. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ हे त्याचे जवळचे उदाहरण. येथे संपादक बदलला तरी पत्ता, यादी आणि कार्यालय कायम राहते. मात्र संस्थेतील मतभेदांची छाया अंकावर पडण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार व्यक्तीचा. पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये धुळ्यातून ‘कवितारती’ हे केवळ कवितेला वाहिलेले द्वैमासिक सुरू केले आणि २०१७ मधील निधनापर्यंत ते जोपासले. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेले ‘अस्मितादर्श’ २०१८ मधील त्यांच्या निधनापर्यंत त्यांच्याच संपादनाखाली होते. जिल्ह्याच्या गावातून निघणारे द्वैमासिक सबंध मराठी कवितेचे केंद्र बनू शकते, हे पहिल्याने दाखविले. दुसऱ्याने लेखक-वाचक मेळाव्यांतून लिहिणारा आणि वाचणारा यांना एकत्र आणून स्वतःचा वाचकवर्गच घडविला.

तिसरा प्रकार मित्रगटाचा. पन्नास-साठच्या दशकांतील ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ ही त्याची उदाहरणे. त्यांचा परिणाम मोठा, आयुष्य अल्प. अशा प्रकाशनांना मिळालेले ‘अनियतकालिक’ हे नाव त्यांची बंडखोरी सांगते, तशीच हाती नसलेल्या वेळेची आणि पैशाची कबुलीही देते.

३. पैसा, कायदा आणि वेळ

आर्थिक बाजूत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आजीव वर्गणी. आरंभी शंभर जणांकडून ती गोळा होते, त्या रकमेतून पहिले काही अंक देखणे निघतात आणि नंतर त्या शंभर जणांना जन्मभर अंक पाठविण्याचे ऋण तेवढे उरते. आजीव वर्गणी मुदतठेवीत ठेवून केवळ व्याज खर्चावे. ते शक्य नसेल तर वार्षिक वर्गणीच घ्यावी. दिवाळी अंकाच्या शुभेच्छा-जाहिराती वर्षाला एकदाच येतात. त्यांतून उरलेली रक्कम पुढील साध्या अंकांसाठी राखून ठेवणे हे व्यवस्थापकाचे पहिले काम होय.

कायद्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करावे लागे आणि १२ महिन्यांहून अधिक खंड पडल्यास ते निष्प्रभ होई. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून नोंदणीचा अर्ज आता ऑनलाइन होतो. या कायद्यातील नियतकालिकाची व्याख्या सार्वजनिक वृत्त आणि त्यावरील भाष्य यांवर आधारलेली आहे. विद्याविषयक संशोधनपत्रिका तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणून कथा, कविता आणि लोककला यांना वाहिलेल्या त्रैमासिकाने आपण कोणत्या वर्गात मोडतो हे आरंभीच जाणकाराकडून ठरवून घ्यावे.

तथापि सर्वांत दुर्मीळ भांडवल वेळ हेच आहे. या भागात संपादन करणारा बहुधा शिक्षक वा प्राध्यापक असतो आणि त्याचे अनेक सहकारी शेतीशी बांधलेले असतात. जुलैतील धानाची रोवणी, हंगामाच्या शेवटची कापणी आणि मळणी, मार्च-एप्रिलमधील परीक्षा या काळांत अंकाचे काम ठरविले की अंक रखडतोच. त्रैमासिकाचे वेळापत्रक या पंचांगाशी जुळवावे लागते. दिवाळी अंक मंडईपूर्वी हाती असला, तर टपालखर्चावाचून तो गावोगावच्या वाचकांपर्यंत पोहोचू शकतो.

४. संपादकाची लाल शाई

प्रादेशिक नियतकालिकाचा खरा वाङ्मयीन निर्णय मुद्रितशोधनाच्या वेळी होतो. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. लेखकाने ‘पानी’ लिहिले आणि मराठीच्या अध्यापकाने सवयीने ‘पाणी’ केले, तर अंक शुद्ध होतो आणि बोलीचा पुरावा नष्ट होतो. उद्या कोणी त्या अंकाच्या आधारे शब्दसंग्रह करू लागल्यास त्याच्या हाती संपादकाची भाषा येईल, बोलणाऱ्याची नव्हे.

येथे तीन प्रकारच्या मजकुरांत भेद करणे इष्ट ठरते. समीक्षालेखाला प्रमाणलेखनाचे नियम लावावेत. बोलीतील ललित लेखनात लेखकाचे लेखन कायम ठेवून एकाच लेखातील विसंगतीपुरते त्यास विचारावे. मौखिक सामग्री ऐकली तशी छापावी आणि सांगणाऱ्याच्या संमतीने गाव, वय व नोंदीची तारीख द्यावी. हा भेद संपादकाच्या मनात असून भागत नाही. तो दोन पानांच्या नियमपत्रात लिहिलेला असावा, म्हणजे दुसरा सहकारीही तेच काम त्याच रीतीने करू शकेल.

५. उत्तराधिकार

वरील सर्व मुद्दे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. व्यक्तिनिष्ठ नियतकालिकात यादी, हिशेब, पत्रव्यवहार आणि भाषाविषयक निर्णय सामान्यतः एकाच डोक्यात आणि एकाच कपाटात असतात. आपण त्यास व्रत म्हणून गौरवितो. परंतु व्रत वारशाने देता येत नाही, व्यवस्था देता येते. श्रेयनामावलीत दहा नावे छापण्यापेक्षा संपादन, हिशेब, मुद्रितशोधन आणि वितरण ही चार कामे चौघांनी स्वतंत्रपणे करणे, आणि वर्षातील एक अंक मुख्य संपादकाने हात न लावता निघू देणे, ही उत्तराधिकाराची साधी पण कठीण कसोटी आहे. आपल्या रुचीपेक्षा वेगळा अंक निघाला तर तो सोसण्याची तयारी मुख्य संपादकाला ठेवावी लागते.

जतनाचा प्रश्नही याचाच भाग होय. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. एकाच घरातील संच किती असुरक्षित असतो, याची कल्पना यावरून यावी. भ्रमणध्वनीवरून फिरणारी प्रतही संग्रहाची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक अंकाच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या गावांतील ग्रंथालयांत जमा व्हाव्यात आणि वर्षअखेरीस लेखक-विषय सूची छापली जावी.

यातील शेवटचे काम आपल्या विभागांच्या आवाक्यातील आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी पुन्हा पुन्हा त्याच ख्यातनाम कादंबऱ्या देण्याऐवजी आपल्या जिल्ह्यातील एका बंद पडलेल्या नियतकालिकाचे उपलब्ध अंक शोधणे, त्यांची सूची करणे आणि ते का थांबले याची नोंद घेणे, असे काम द्यावे. नवे नियतकालिक काढू पाहणाऱ्याला अशी नोंद कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडेल.