परिच्छेदरचना

परिच्छेदरचना : एका विचारघटकाची परस्परसंबद्ध वाक्यांतून केलेली मांडणी. निबंध, लेख, प्रबंध यांसारख्या गद्यलेखनात वाक्य आणि संपूर्ण लेख यांच्या मधला रचनाघटक म्हणजे परिच्छेद होय. छापील पानावर तो नव्या ओळीने व सामान्यतः आरंभी थोडी जागा सोडून सुरू होतो. परंतु ही त्याची केवळ बाह्य खूण झाली. एखादे विधान करणे, ते स्पष्ट करणे व त्यास आधार देणे हे कार्य जेथे पुरे होते, तेथे परिच्छेद खऱ्या अर्थाने पूर्ण होतो. महाविद्यालयीन निबंधांतील विस्कळितपणा पुष्कळदा शब्दसंपत्तीच्या अभावापेक्षा विधान अर्धवट सोडण्याच्या सवयीतून उद्भवतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विषयातील खंड दाखविण्यासाठी ओळीच्या आरंभाजवळ समासात आडवी रेघ ओढीत. तिच्या ‘पाराग्राफोस’ या नावावरूनच पाश्चात्त्य भाषांतील ‘पॅराग्राफ’ ही संज्ञा आली. मराठीत मोडी लिपीतील बखरी व पत्रे यांत प्रथम ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्दांमध्ये जागा वा विरामचिन्हे नसत. वाक्य कोठे संपले, हे क्रियापदावरून व वाचणाऱ्याच्या सरावाने कळे. मुद्रणाचा प्रसार व इंग्रजी गद्याचा परिचय यांमुळे एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांनी विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचा प्रयत्न केला व १८५० मध्ये त्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या निबंधमालेने (१८७४–८१) निबंधास प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांची अनेक उपवाक्यांची दीर्घ वाक्येही सुबोध राहतात, याचे श्रेय बव्हंशी त्यांतील अवयवांच्या सुस्पष्ट संबंधास द्यावे लागते.

वाक्याची पूर्णता : परिच्छेदाचा पाया वाक्य हा आहे. भारतीय शास्त्रकारांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या. एक पद ऐकल्यावर दुसऱ्याची अपेक्षा उत्पन्न होणे ही आकांक्षा, पदार्थांचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता आणि पदे एकमेकांच्या निकट येणे हा संनिधी. ‘विस्तवाने झाडे शिंपतो’ या शब्दसमूहात व्याकरण निर्दोष असूनही योग्यता नाही. ‘पाऊस लांबल्यामुळे व विहिरी आटल्यामुळे गावातील लोकांना’ येथे आकांक्षा अतृप्त राहते. पुढे पूर्णविराम दिला, तरी ते वाक्य होत नाही. उलट ‘ही माझी बहीण’ यात क्रियापद नसूनही अर्थ पुरा होतो. यावरून वाक्याची पूर्णता त्याच्या लांबीवर वा केवळ क्रियापदाच्या उपस्थितीवर नव्हे, तर अपेक्षापूर्तीवर अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

विद्यार्थ्यांच्या लेखनात काही दोष वारंवार दिसतात. ‘जरी’ने आरंभ करून ‘तरी’चा विसर पडणे, ‘जो’ या सर्वनामास ‘तो’ न मिळणे, किंवा अनेक वाक्ये ‘आणि’ने जोडीत नेऊन मूळ कर्ता हरवणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. ‘घरी पोहोचून पाऊस सुरू झाला’ या वाक्यात पोहोचणारा एक व सुरू होणारा दुसरा. त्यामुळे ‘पोहोचून’ हे रूप निराधार राहते. ‘घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला’ असे म्हणताच दोष नाहीसा होतो.

परिच्छेदाची तत्त्वे : परिच्छेदाचे नियम सुसूत्रपणे मांडण्याचा उल्लेखनीय प्रयत्न स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन (१८१८–१९०३) यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनाविषयक ग्रंथात केला. प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी संबंध उघड असावा, आरंभीच्या वाक्याने विषय सूचित करावा व परिच्छेदात हेतूची एकता असावी, हे त्यांच्या नियमांतील महत्त्वाचे भाग होत. अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठातील बॅरेट वेंडेल यांनी १८९१ मध्ये एकता, संगती व महत्त्वाच्या भागास ठळक स्थान देणे ही तीन तत्त्वे शब्द, वाक्य व परिच्छेद या सर्वांस लावून दाखविली. भारतीय परंपरेतही याच्याशी जुळणारा विचार आढळतो. अर्थाचे ऐक्य आणि विभागले असता अवयवांची परस्परांविषयीची आकांक्षा हे मीमांसकांनी एकवाक्यतेचे लक्षण मानले. तर चौदाव्या शतकातील साहित्यशास्त्रज्ञ विश्वनाथ याने आकांक्षादी गुणांनी युक्त अशा वाक्यसमूहास ‘महावाक्य’ म्हटले.

ही तत्त्वे एका उदाहरणाने स्पष्ट होतील. ‘कोकणात पाऊस भरपूर पडूनही उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते’ असे विषयवाक्य घेतल्यास वाचकाची आकांक्षा ‘का?’ अशी असते. सह्याद्रीचा पश्चिम उतार तीव्र आहे. नद्या आखूड असल्याने पावसाचे पाणी लवकर समुद्रास मिळते. सच्छिद्र जांभा खडकात मुरलेले पाणीही फार काळ टिकत नाही. ही वाक्ये त्या प्रश्नाचे उत्तर देतात. म्हणून पाणी अडविण्याच्या उपायांची गरज आहे, हा निष्कर्ष त्यांतून सहज निघतो. याच परिच्छेदात हापूस आंब्याची किंवा किनाऱ्याच्या सौंदर्याची वाक्ये आली, तर ती स्वतः खरी व सुंदर असूनही एकतेचा भंग करतात. तसेच, टंचाई ‘फारच भयंकर’ आहे, असे तीन वेळा निरनिराळ्या शब्दांत सांगितल्याने विधानास बळकटी येत नाही. पुनरुक्ती म्हणजे पुरावा नव्हे.

विषयवाक्याचे स्थान : विषयवाक्य आरंभीच असावे, हा नियम अध्यापनात दीर्घकाळ रूढ आहे. मात्र रिचर्ड ब्रॅडक या अमेरिकन अभ्यासकाने पंचवीस व्यावसायिक निबंधांची पाहणी करून १९७४ मध्ये दाखविले, की विवेचनपर परिच्छेदांपैकी सु. १३ टक्केच विषयवाक्याने सुरू होतात. कित्येक परिच्छेदांत ते अखेरीस येते किंवा अध्याहृत असते. तत्पूर्वी १९६५ मध्ये फ्रान्सिस क्रिस्टेन्सन यांनी वाक्यांतील समपातळी व आश्रितपातळी असे संबंध दाखवून परिच्छेदाच्या अंतर्गत रचनेकडे लक्ष वेधले होते. तेव्हा हा नियम म्हणजे चांगल्या गद्याचे अपरिहार्य लक्षण नसून नवशिक्यास दिलेला आधार होय. परंतु ज्यास आपल्या परिच्छेदाचे विषयवाक्य सांगताच येत नाही, त्याचा विचार अद्याप निश्चित झालेला नसतो. त्याने ते वाक्य कोठे लिहावे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

परीक्षणाची पद्धत : परिच्छेदाची लांबी ओळी मोजून ठरविता येत नाही. लेखन पुरे झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचा सारांश समासात एका वाक्यात लिहावा. तसे करता न आल्यास त्या परिच्छेदात दोन विचार मिसळलेले असतात किंवा एकही नसतो. नंतर केवळ ही सारांशवाक्ये क्रमाने वाचावीत. त्यांतून युक्तिवाद सलग उभा राहिला, तर निबंधाची रचना भक्कम आहे, असे समजावे. या शिस्तीचा लाभ परीक्षेतील गुणांपुरता मर्यादित नाही. विधान व त्याचा आधार एकत्र मांडल्याने वाचकास ते तपासता येते, त्यास विरोध करता येतो. आणि आपल्या मतास आधार पुरेसा नाही, हे प्रसंगी लेखकाच्या स्वतःच्याही ध्यानात येते.