वेळास : कासवांचं माहेर

बाणकोटच्या खाडीजवळ, मंडणगड तालुक्यात वेळास वसलेलं आहे. इतिहास वाचणाऱ्यांना ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ठाऊक असतं. सुपारीच्या वाड्या, कौलारू घरं आणि कमावती माणसं मुंबईला. गणपती-शिमग्याला चाकरमानी यायचे, ते परतले की गाव पुन्हा म्हाताऱ्यांचं.

समुद्रातूनही इथं कुणी परत येतं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी जिथं जन्मली, त्याच किनारपट्टीवर अंडी घालायला येते, लेक बाळंतपणाला माहेरी यावी तशी. पण या माहेरात तिची अंडी चोरीला जात, उरलीसुरली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं संरक्षणाचं काम हाती घेतलं आणि गावच राखणदार झालं.

हिवाळ्यात ही राखण करणारे कासवमित्र भल्या पहाटे पुळणीवर निघतात. मादीच्या पायांचा माग वाळूत जिथं थांबतो, तिथं ते हातानं हळूहळू वाळू उकरतात. आत शंभरेक अंडी असतात, पांढरी, गोल, मऊ कवचाची. ती अलगद काढून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळू खचते आणि तळहातावर मावतील अशी काळपट पिल्लं वर येतात. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडलं की ती आपल्या पायांनीच लाटेकडे जातात. समुद्रात कासवं कुठं जातात हे कळावं म्हणून जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच एका मादीला उपग्रह टॅग लावला गेला. तिचं नाव ठेवलं प्रथमा.

समुद्राकडे जाणारी पिल्लं बघायला माणसं येऊ लागली, कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. ओटी-पडवीत गाद्या पडल्या, चुलीवरच्या भाकरीला, उकडीच्या मोदकांना गिऱ्हाईक मिळालं. माजघरातल्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा आला, ही मला या गावाची सर्वांत मोठी कमाई वाटते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं या किनाऱ्यावरच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. नवी सुपारी लावली तरी फळायला पाच-सहा वर्षं जातात. अशा गावात राहून पोट भरायचं, तर पाहुण्यांचा आधार मोलाचा.

जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये जा, घर आधी ठरवून ठेवा. हॅचरीतल्या खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं कधी निघतात, कधी नाही. निघाली नाहीत तर कासवमित्रांशी हुज्जत घालू नका, एक मुक्काम वाढवा. आणि फ्लॅश बंद ठेवा.