घरच्या संगणकाची बिनतारी जोडणी : स्वस्त साधन कसे निवडावे

पेढीवरील वही संगणकात गेली आणि संगणक पेढीवरून घरात आला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल लागू झाले, तेव्हापासून तर दुकानाची फळी लावल्यावरही घरी बसून एखादा कागद काढण्याची पाळी येते. त्याच जोडणीवर मुलांचे अध्ययन, सुनांचे कार्यालयीन काम आणि वडीलधाऱ्या मंडळींचे प्रवचनश्रवण चालते. अशा स्थितीत मागल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही, ही तक्रार बहुतेक घरी ऐकू येते. आणि विक्रेत्यास विचारावे तर तो दुकानातील सर्वांत महाग पेटीकडे बोट दाखवितो. त्यात त्याचा दोष नाही, तोही आपल्यासारखाच व्यापारी आहे. परंतु आपण माल पाहून घेणारे लोक आहोत; या मालाचीही पारख करता यावी, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

खरेदीपूर्वी दोष कोठे आहे ते शोधावे. राउटरला संगणक केबलने जोडून वेग मोजावा. तेथेच वेग कमी आढळला, तर तक्रार सेवा देणाऱ्या कंपनीकडे करावी. नवे साधन आणून काही साधणार नाही. केबलवर वेग पुरेसा, राउटरजवळ बिनतारीही ठीक, पण दूरच्या खोलीत सर्वच यंत्रे रडतात, तर दोष भिंतींचा व अंतराचा. त्याच खोलीत फोन उत्तम चालतो आणि संगणक मात्र रखडतो, तर दोष संगणकाच्या ग्राहकयंत्राचा. या शेवटल्या प्रसंगीच अडॅप्टर घेण्यात अर्थ आहे.

मापाविषयी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, आणि संगणक फाईल उतरविताना मेगाबाईटमध्ये दाखवितो. ८ बिटांचा एक बाईट होतो. म्हणजे १०० मेगाबिटांच्या योजनेत सेकंदास साडेबारा मेगाबाईट मिळाले तर मापात खोट नाही.

पेटीवरील आकड्यांत मात्र खरी गंमत आहे. 'एसी ६००' असे लिहिलेले असते, म्हणून ६०० मेगाबिट मिळतील असे ग्राहक समजतो. वस्तुतः हा दोन निरनिराळ्या लहरपट्ट्यांच्या वेगांची बेरीज करून पूर्णांकात आणलेला आकडा आहे : २.४ गिगाहर्ट्झवर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३. 'एसी १२००' म्हणजे ३०० आणि ८६७. संगणक एका वेळी बहुधा एकाच पट्टीवर असतो, तेव्हा ही बेरीज ग्राहकाच्या पदरी कधीच पडत नाही. शिवाय हे वेगही बारदानासह केलेल्या वजनासारखे आहेत. संदेशांची देवघेव आणि हवेतील गर्दी वजा जाता निव्वळ माल साधारण निम्मा उरतो. तरीही ४३३ चा निम्मा धरला तर १०० मेगाबिटांच्या योजनेस तो पुरून उरतो. सामान्य कुटुंबाच्या मेजावरील संगणकास हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा असा दुहेरी पट्टीचा यूएसबी अडॅप्टर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'एन १५०' नावाचा त्याहून स्वस्त प्रकार मिळतो. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून तो मी घेण्यास सांगणार नाही.

याचे कारण असे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून दूरवर जातात खऱ्या, पण त्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११ क्रमांकांचे. शेजारपाजारचे सर्व राउटर, ब्लूटूथची साधने आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह याच रस्त्यावर येतात. बाजाराच्या दिवशी पेठेत बैलगाडी घालावी तशी गत होते. ५ गिगाहर्ट्झचा रस्ता रुंद व मोकळा, पण त्याची मजल कमी. म्हणून दोन्ही पट्ट्या असलेले साधनच घ्यावे.

अंगठ्याच्या पेराएवढे अडॅप्टर दिसण्यास सुबक असतात; मात्र संगणकाच्या पत्र्याच्या पेटीमागे खोचले की पत्राच लहरी अडवितो. यूएसबीची हातभर वाढीव केबल घेऊन अडॅप्टर मेजावर मोकळ्या हवेत ठेवावा. एवढ्या किरकोळ खर्चाने पुष्कळदा मोठा खर्च वाचतो. 'एसी १२००' वा त्यावरील अडॅप्टर घेतल्यास तो यूएसबी ३.० चा आहे ना, हे पाहावे, कारण यूएसबी २.० ची मर्यादाच मुळी ४८० मेगाबिटांची आहे. जुन्या लॅपटॉपमधील आतले कार्डही बदलता येते. पण इंटेलचे एएक्स २१० अनेक यंत्रांत चालते, तर एएक्स २११ इंटेलच्याच ठराविक प्रोसेसरांबरोबर चालते. एका अंकाच्या फरकाने पैसे वाया जातात.

राउटर घेताना अँटेना मोजू नयेत, पाठीमागील तोंडे पाहावीत. 'एसी १२००' असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या अनेक स्वस्त राउटरांची केबलची तोंडे १०० मेगाबिटांचीच असतात. २०० मेगाबिटांची योजना त्यातून घ्यायची, म्हणजे अरुंद मापट्याने कोठार रिकामे करणे होय. 'गिगाबिट' हा शब्द तोंडांच्या वर्णनात असलाच पाहिजे. जानेवारी २०२४ पासून वाय-फाय ७ ची प्रमाणित साधने येऊ लागली आहेत. ती उत्तम असतील, परंतु घरची योजना १०० मेगाबिटांची आणि यंत्रे जुनी असता त्यांचा उपयोग नाही. परिग्रहपरिमाणात आपण क्षेत्र, वास्तू, धनधान्य मोजतो. राउटरही मोजण्यास हरकत नसावी!

आमच्या बेळगावच्या जुन्या पेठांतील घरे अरुंद, खोल आणि जाड भिंतींची. अशा घरांत पुढल्या सोप्यातील राउटरचा आवाज परसदारापर्यंत जाणे कठीणच. पुष्कळ जण रिपीटर आणून थेट अंधाऱ्या खोलीतच लावतात. जेथे मूळ लहरच पोहोचत नाही तेथे तो पुढे काय पाठविणार? तो मध्यावर लावावा. तरीही एकाच पट्टीवर घेणे-देणे करणारा रिपीटर वेग जवळजवळ निम्मा करतो. त्याहून बरा मार्ग म्हणजे मागल्या खोलीपर्यंत कॅट-५ई केबल नेऊन टोकास घरातील जुना राउटर बसविणे. त्यातील डीएचसीपी बंद करावे, त्याचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा द्यावा आणि केबल लॅनच्या तोंडात घालावी. ही केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग वाहते. मात्र ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्यावे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास मिळते, आणि भेसळ ओळखण्यास आपणांस कोणी शिकवावयास नको.

सुरक्षिततेकडे मात्र आपल्या समाजात अक्षम्य दुर्लक्ष होते. ज्या संगणकात खातेवही, बँकेचे व्यवहार आणि करविवरणे आहेत, त्याच्याच वाय-फायचा परवलीचा शब्द दर पाहुण्यास सांगितला जातो. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडता येते, ते उघडावे. असे जाळे देणारा राउटर थोडा महाग असला तरी घ्यावा. २००४ साली आलेले डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए३ असेल तरच साधन घ्यावे. जुन्या डब्ल्यूईपीचे कुलूप २००१ सालीच फुटले आहे. एका स्नेह्यांच्या राउटरचा व्यवस्थापकीय शब्द कारखान्यातून आला तोच चार वर्षे होता. तो पहिल्याच दिवशी बदलावा आणि डब्ल्यूपीएस बंद करावे.

खरेदी करताना पक्की पावती व हमीची मुदत मागावी, आणि विजेच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. लिनक्स वापरणाऱ्यांनी आतल्या चिपचे नाव आधी विचारावे. परत करण्याची सवलत असेल तर पेटी न फाडता उघडावी, त्याच दिवशी मागल्या खोलीत नेऊन वेग मोजावा आणि समाधान न झाल्यास मुदतीच्या आत माल परत पाठवावा.